भिंतीवरच्या ब्रशच्या रेघा

रंग देऊन झाला, फरशी पुसून झाली, सामान जागच्या जागी लागलं आणि संध्याकाळी तुम्ही मोठ्या कौतुकानं दिवा लावलात. पाहता तो काय! दिवसा चांगल्या दिसणाऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या रेघाच रेघा. कुठे उभ्या, कुठे आडव्या, मध्येच एक ओघळ. जणू कुणी भिंतीवरून नांगर फिरवलाय!

असं तुमच्याकडे कधी झालंय का हो? आमच्याकडे झालंय, आणि दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच. म्हणून तर सांगायला बसले आहे.

आमचं घर राधानगरीला. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, पुढे सोपा, मागे माजघर आणि परडं. राधानगरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नकोच. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं आमचं धरण भरलं की त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि ती बातमी दर पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत येते. दरवाजे उघडतात धरणाचे, पण ओल येते आमच्या भिंतींना! जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे चुलीवर वाळवायचे, पापडाचे डबे दोनदोनदा उघडून पाहायचे आणि भिंतीवरची बुरशी पुसत राहायची.

त्या वर्षी लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं. घर जरा नेटकं दिसावं म्हणून मी हट्टच धरला, की नवरात्राच्या आत सोपा रंगवायचाच. रंगारी मिळेना, तेव्हा आमचे 'हे' आणि धाकटा मुलगा म्हणाले, "त्यात काय मोठंसं? आपणच देऊ." पाऊस पुरता सरला नव्हता. पोरानं डबा फोडला, रंग घट्ट वाटला तरी तसाच घेतला, भिंत लवकर वाळावी म्हणून पंखा भरधाव सोडला, आणि दोघांनी दोन बाजूंनी सुरुवात केली. मधे जेवणाची सुट्टी झाली. निम्मी भिंत सकाळची, निम्मी दुपारची. रात्री ट्यूबलाइट लावली आणि तिघंही गप्प झालो.

आमच्या सासूबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी सारवणाची बोटं दिसली नाहीत तर बायका विचारायच्या, हात कुणाचा गं हा? तुमचं आपलं उलटंच!"

खरंच आहे. शेणानं किंवा पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर बोटांची अर्धगोल नक्षी उमटणं ही कौतुकाची गोष्ट होती. कोल्हापूरला तर कलापूर म्हणतात. आबालाल रहमान, बाबुराव पेंटर यांच्या गावात कुंचल्याच्या फटकाऱ्याला नावं कशी ठेवायची? पण चित्रावर शोभतं ते भिंतीवर शोभत नाही. शिवाय त्या रेघांच्या खाचांत धूळ आणि चुलीचा धूर बसतो, ओलीच्या दिवसांत बुरशीही तिथंच आधी धरते. तेव्हा रेघा घालवायला हव्यात. मात्र कशा घालवायच्या हे भिंतीवर अवलंबून आहे. एक भिंत अशी असते, की तिला कोरडा पॉलिश पेपर लावायचाच नसतो. ते मला कसं कळलं तेही पुढे सांगते.

रेघा उठतात तरी का?

ब्रशला केस असतात. केसांच्या मधून रंग ओढला गेला की भिंतीवर बारीक वरंबे आणि सऱ्या पडणारच. चांगल्या रंगात असं होतं, की ओला असेपर्यंत तो स्वतःच पसरतो, वरंबे खाली बसतात, सऱ्या भरून येतात आणि मग तो वाळतो. तव्यावर धिरड्याचं पीठ ओतल्यावर ते सरसर पसरतं ना, तसंच. पण पीठ घट्ट असलं किंवा तवा फार तापलेला असला तर पळीची वळणं तशीच राहतात. रंगाचंही तेच. पसरायला वेळ मिळाला नाही की रेघा कायमच्या!

हा वेळ कशाकशानं कमी होतो पाहा. रंग घट्ट असला, भिंत उन्हानं तापलेली असली, वर पंखा चालू असला किंवा खाली प्रायमर नसला, की रंगातलं पाणी वारा तरी ओढून घेतो नाहीतर भिंत तरी. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणं. 'एवढं जरा राहिलंय' म्हणून आपण परत हात मारतो आणि वर धरलेली साय मोडतो. आमच्या सोप्यात यातलं सगळंच झालं होतं.

आधी घाई सोडा

दुसऱ्याच दिवशी मी पॉलिश पेपर आणला आणि घासायला घेतलं. चार हात मारले तोच पेपराच्या खरेत रंगाचे गोळे भरले आणि भिंतीवर चट्टे पडले. रंग वरून वाळला होता, आतून मऊच होता.

म्हणून पहिलं पथ्य हे. पाण्यातल्या रंगाला, म्हणजे ज्याला आपण प्लॅस्टिक पेंट म्हणतो त्याला, निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तेलरंगाला त्याहून जास्त. दाराआडच्या कोपऱ्यात नख दाबून पाहा. खूण उमटली तर अजून थांबा. घासताना कोरडी भुकटी पडली तर भिंत तयार, गोळे झाले तर नाही.

दुसरं पथ्य ओलीचं. हात लावून भिंत कोरडी वाटते, पण आत ओल असते. एक सोपी परीक्षा सांगते. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. आतल्या बाजूला, भिंतीकडे, दंव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे. भिंतीतून ओल येत असेल तर आधी कौल, पन्हळ, वळचणीचं पाणी नाहीतर गळका नळ यांचा बंदोबस्त करा. नाहीतर आज रेघा घालवाल आणि उद्या पोपडे काढत बसाल. २०१९ च्या ऑगस्टात किंवा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना हे मी काय सांगणार! पुरात भिजलेली जाड भिंत वरून वाळली तरी आतून वाळायला महिने लागतात.

मग भिंत ओळखा

आता आपल्या भिंतीवर आहे तरी काय? जुन्या घरांत एकाच घरी तीन खोल्यांना तीन तऱ्हेचे रंग असतात. ओळखायला काही अवघड नाही.

ओलं बोट भिंतीवर घासा. बोटाला पांढरं पीठ लागलं तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. त्यावरच्या रेघा घासत बसू नका. ओल्या ब्रशनं सगळा थर मऊ करून पत्तीनं खरवडून काढलेला बरा. त्या पिठावर नवा रंग धरत नाही.

बोटाला काही लागलं नाही तर फडक्यावर थोडं स्पिरिट घ्या. हात पुसायचं सॅनिटायझर घरात असेल तर तेही चालेल. दाराआड एका जागी पंधरा-वीस वेळा चोळा. रंग मऊ होऊन फडक्याला लागला तर तो पाण्यातला रंग. काहीच झालं नाही, उलट भिंत चकाकली, तर तो तेलरंग, म्हणजे आपला ऑइल पेंट.

आमचा सोपा पाण्यातल्या रंगाचा निघाला. माजघराचा कंबरभर उंचीचा पट्टा मात्र जुना ऑइल पेंट, पिस्ता रंगाचा. सासऱ्यांनी दिलेला. त्यावरही ब्रशच्या रेघा होत्या, पण त्या इतक्या वर्षांच्या, की कुणाच्या डोळ्यांना खुपत नव्हत्या.

पाण्यातल्या रंगावरच्या रेघा

साहित्य: १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा, लांबी आणि ती लावायची पत्ती, प्रायमर, रोलर, कोपऱ्यांसाठी दोन इंची मऊ ब्रश, हातदिवा, पेन्सिल, जुनी फडकी, नाकातोंडाला मास्क.

भिंत आधी साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, मग नुसत्या पाण्यानं. चुलीजवळच्या भिंतीवर तेलकटपणा असतो, तिथं पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला. एक दिवस वाळू द्या.

रात्री दिवे मालवा आणि हातदिवा भिंतीला अगदी लगटून, तिरपा धरा. दिवसा न दिसलेला एकेक वरंबा सावली टाकून उभा राहील. तिथंतिथं पेन्सिलीनं हलकी खूण करा. साऱ्या भिंतीशी झटापट करण्यापेक्षा खुणेपुरतं काम केलेलं बरं.

ओघळ आणि जाड वरंबे आधी पत्तीनं काढा. पत्ती भिंतीला जवळजवळ आडवी टेकवून पुढे सरकवा, टोक रुतू देऊ नका. मग ठोकळ्याला १२० नंबरचा पेपर गुंडाळून हलक्या हातानं गोल गोल घासा. नुसत्या बोटांनी घासू नका बरं का! बोट मऊ असतं, ते खाचेतही उतरतं, म्हणून वरंबा आणि खाच दोन्ही सारखीच झिजतात आणि रेघ राहते तशीच. ठोकळा फक्त वरंब्यावर चालतो. शेवटी २२० नंबरचा पेपर फिरवा, ओल्या फडक्यानं भुकटी टिपून घ्या, आणि डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवा. डोळा फसतो, हात फसत नाही. पोळी लाटताना कुठं जाड राहिली ते आपल्याला बघावं लागतं का कधी?

घासूनही खाच राहिलीच तर तिथं लांबी भरा. एकदम जाड थापू नका. पातळ एक हात, तो वाळला की दुसरा. पुन्हा २२० नंबरचा पेपर. आणि लांबी लावलेल्या जागी प्रायमर विसरू नका. लांबी तहानलेली असते. प्रायमर नसला की तिथं रंग आत ओढला जातो आणि भिंतीवर नकाशासारखे डाग दिसतात.

नव्या रंगाचा हात

रेघा घालवल्या, आता पुन्हा उठू नयेत म्हणून थोडं जपायला हवं.

डब्यावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घाला, ढवळा आणि मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. दुधाची साय गाळतो तशीच रंगाची सायही निघते. तीच पुढे भिंतीवर खडे होऊन बसते. ब्रश एकतृतीयांशच बुडवा आणि डब्याच्या आतल्या कडेला हलकेच टेकवा.

पंखा बंद. उन्हाची तिरीप भिंतीवर असेल तर ती सरू द्या. खिडकीच्या बाजूनं सुरुवात करा आणि उजेडापासून लांब जा. ब्रशनं कोपरा आणि छताची कड एकदम सगळी रंगवून ठेवू नका. हात-दोन हात कड रंगवा आणि ती ओली आहे तोवर रोलर तिला येऊन मिळाला पाहिजे. रोलर आधी तिरका-उलटा फिरवून रंग पसरा, मग शेवटी काहीही जोर न देता वरून खाली एकाच दिशेनं सोडा. ओल्या कडेवरून ओल्या कडेवर असं जात भिंत एका दमात संपवा. जेवण, चहा, शेजारणीशी गप्पा, सगळं एक भिंत संपल्यावर.

आणि काही राहिलं असं वाटलं तरी अर्धवट वाळलेल्या जागी परत हात मारायचा नाही. दुसऱ्या हातात ते भरून निघतं. कोरड्या हवेत दुसरा हात चार-सहा तासांनी देता येतो. आमच्याकडे मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते.

रोलरनं संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके उठतात. ते सगळीकडे सारखे असल्यानं डोळ्यांत भरत नाहीत. तेही नको असतील तर कमी लवेचा रोलर घ्या. भिंत मुळातच उंचसखल असेल तर चकाकणारा रंग घेऊच नका. चकाकीत दोष दुप्पट दिसतात, बिनचकाकीच्या रंगात ते झाकले जातात. ट्यूबलाइटही रंगवायच्या भिंतीलाच लगटून असेल तर समोरच्या भिंतीवर हलवून पाहा. कधी कधी निम्म्या रेघा तेवढ्यानंच नाहीशा होतात!

माजघराचा पट्टा

आता ती दुसरी भिंत.

दिवाळी आटोपली, पाऊस सरला, हवा कोरडी झाली. सोप्याच्या रेघा वर सांगितल्या रीतीनं दोन दिवसांत निघाल्या. माझा हात असा काही बसला होता म्हणता, की वाटलं, एवीतेवी पेपर उरलाय, तर माजघराचा पट्टाही घासून टाकावा. लेक बाळंतपणानंतर त्याच खोलीत राहणार. भाऊबीजेला आलेली ती अजून इथंच होती, सहावा महिना चालू होता. उंबऱ्यात बसून पावटे सोलत होती, आणि मी दोन हात अंतरावर कोरड्या पेपरानं तो पिस्ता रंग घासत होते. खोलीत पिठासारखी धूळ उडत होती. पावट्यांच्या सुपावरही बसली असेल.

तेवढ्यात आमच्या आळीतले म्हातारे रंगारीमामा दुसऱ्याच कामासाठी आले. दारातूनच ओरडले, "वैनी, हात थांबवा! पोरगीला आधी भाइर न्या!" मला वाटलं, पाल-बिल पडली. ते म्हणाले, "जुना तेलरंग हाय त्यो. कोरडा घासत न्हाईत. त्यात शिसं असतंय. आमी उमेदीत नाकाला फडकंसुदिक बांधलं न्हाई, पन आता समजलंय न्हवं?"

मैत्रिणींनो, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

पूर्वी तेलरंगात शिशाची संयुगं सर्रास घालत. पिवळा, नारिंगी, लाल रंग झगझगीत यावा म्हणून, त्या पिवळ्यापासून केलेले पोपटी-हिरवे रंग उठून दिसावेत म्हणून, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही. खिडकीच्या गजांना रंगाखाली जो तांबडा हात देत, तो शेंदराच्या जातीचा, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. गाणाऱ्याला शेंदूर चारला की त्याचा आवाज जातो, असं आपल्याकडे पूर्वीपासून बोललं जातं. शेंदूर पोटात जाऊ नये हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. भिंतीच्या रंगातही तीच चीज असेल हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आपल्या केंद्र सरकारनं याबद्दल २०१६ साली नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असता कामा नये. म्हणजे त्याआधी दिलेला तेलरंग तुमच्या भिंतीवर, दारांवर, पाळण्यावर किंवा गजांवर असेल तर त्यात शिसं असू शकतं, असंच धरून चालायचं. पाण्यातल्या रंगांत ते सहसा फारसं नसे.

शांत, धड असलेला जुना रंग भिंतीवर आहे तसा असला तर भिण्याचं कारण नाही. त्याची धूळ झाली की तो वाईट. ती श्वासातून जाते, भांड्यांवर बसते, फरशीवरून रांगत्या मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. मोठ्यांच्या मानानं लहान मुलांच्या अंगात शिसं चार-पाच पट जास्त मुरतं. मेंदूची वाढ व्हायच्या वयात ते मेंदूलाच अपाय करतं. गरोदर बाईच्या रक्तातून ते वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. अमुक इतकं शिसं चालेल, अशी मर्यादाच घालता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगते, कारण हे झाडूनं करायचं काम नव्हे. लेकीला शेजारी पाठवलं. पंखा बंद. झाडू लावला नाही, धूळ पुन्हा उडते. साबणाच्या पाण्यात फडकी भिजवून भिंत, फरशी, फळ्या, उंबरा सगळं वरून खाली पुसलं, पाणी दोन-तीनदा बदललं, फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. पावटे टाकले. अंगावरचे कपडे वेगळे धुतले, डोक्यावरून आंघोळ केली. आणि न लाजता सारा प्रकार लेकीच्या डॉक्टरांच्या कानावर घातला. त्यांनी तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितली. अहवाल यायला काही दिवस लागले. तेवढे दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. कसली भिंत आणि कसल्या रेघा! अहवाल आला, काळजीचं काही नव्हतं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

तुमच्या घरी जुना तेलरंग असेल तर

घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्या भिंतीच्या रेघांना हातच लावू नका. ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि बाकी सगळं पुढे ढकला. भिंत थांबते.

पोपडे निघत असतील तर मात्र मुलांना तिथून लांब ठेवा, पडलेले पोपडे ओल्या फडक्यानं उचला आणि जाणत्या रंगाऱ्याला बोलवा.

रेघा घालवायच्याच असतील तर घर रिकामं असताना, आणि ओल्यानं. खोलीतलं सामान, धान्य, अंथरुणं बाहेर काढा. फरशीवर प्लॅस्टिक अंथरा आणि कडा चिकटवून टाका. भिंतीवर पाणी शिंपडून वॉटर पेपरनं थोडं थोडं घासा. चिखल होईल तसा फडक्यानं टिपा, तो वाळू देऊ नका. विजेची तारबटणं असतील तिथं पाणी नेऊ नका, मेन स्विच बंद करा. काम करणाऱ्याला साधं फडकं पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. घासायचं यंत्र किंवा रंग जाळायची बत्ती तर अजिबात नको.

आणि साऱ्या वरंब्यांचा नायनाट करायचा हट्ट नको. चकाकी मोडेल एवढंच ओलं घासा, वर तेलरंगावर धरणारा प्रायमर द्या, मग लांबीनं सऱ्या भरून घ्या. वरंबे खोदून काढण्यापेक्षा सऱ्या बुजवणं केव्हाही बरं. जुना थर खाली झाकला जातो, तो तसाच झाकलेला राहू द्या.

रंगारी लावलात तर त्यालाही हे सांगा. तो आपली छाती धुळीनं भरून घेतो ती आपल्या भिंतीसाठी. त्याला पाणी, मास्क आणि हात धुवायला साबण देणं हे आपलं काम.

रंगाचे दिवस

आमच्यासारख्या पावसाळी मुलखात रंगाला चांगले दिवस दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे. गणपती-नवरात्रासाठी घर रंगवण्याची आपल्याला हौस असते, पण तेव्हा भिंती प्यालेल्या असतात. सणापुरतं घर पुसा, जळमटं काढा, तोरण लावा. चैत्र-वैशाखात उलटी गोष्ट, तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आत वाळतो. तेव्हा द्यायचाच तर सकाळच्या गारव्यात.

लेक मार्गशीर्षात बाळंतपणाला आली. माजघराचा पट्टा होता तसाच होता, त्यावर माझी दोन हात घासलेली जागा तेवढी फिकट दिसत होती. ती साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुसून त्यावर स्वच्छ रंगाचा एक पातळ हात दिला होता, धूळ उडू नये म्हणून. ती खोली मी अंथरुणा-पांघरुणांना दिली आणि बाळंतिणीची खाट सोप्याला लागून असलेल्या खोलीत टाकली. माघात नात झाली. बारशाला आलेल्या बायकांनी सोप्याची भिंत पाहून विचारलंच, "रंगारी कोण हो?" आमचे 'हे' उगीच इकडेतिकडे बघू लागले.

वैशाखात लेक नातीला घेऊन सासरी गेली. मग मिरगाचा पाऊस लागायच्या आत रंगारीमामांनी सकाळी सकाळी येऊन तो पट्टा पाण्यानं घासला, लांबी भरली, रंग दिला. काम झाल्यावर मला म्हणाले, "वैनी, आता बोट फिरवून बघा."

मी फिरवलं. सासूबाईंनीही फिरवलं. म्हणाल्या, "गुळगुळीत झाली खरी. पण माझ्या घराची म्हणून ओळख पटत नाही हो."